सायकलस्वाराचे चार वकार

आमच्या शाळेंतील पुष्कळ मुलामुलींचे वडील, व कित्येकांच्या आयाही, रोज सकाळीं सायकलीवरून कामावर जातात. कोणी छापखान्यांत, कोणी कारखान्यांत, कोणी कचेरींत, तर कोणी दुकानांत. सायंकाळीं दाराशीं सायकलची घंटा वाजली म्हणजे घरांतील सर्वांस बरें वाटतें; आणि ती वाजण्यास अर्धा तास उशीर झाला म्हणजे आई दोनदां दाराशीं येऊन जाते. ती घंटा रोज वेळेवर वाजावी, व ती वाजविणारा माणूस भ्यालेला किंवा त्रासलेला नसून प्रसन्न असावा, यासाठीं काय करतां येईल, ह्याचा विचार या पाठांत करावयाचा आहे.

विषय क्षुल्लक नाहीं. २०२२ सालीं आपल्या देशांत रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसें मरण पावलीं, असें सरकारी अहवाल सांगतो. हा आंकडा भीति घालण्यासाठीं दिलेला नाहीं. भ्यालेला मनुष्य सायकल चांगली चालवीत नाहीं. आणि सायकल सोडून देणें हा कांहीं उपाय नव्हे, कारण ज्याचा पगार बेताचा आहे त्याला तिच्यासारखें स्वस्त व आरोग्यकारक वाहन दुसरें नाहीं. आम्हीं गेलीं वीस वर्षें शाळेंत सायकलीवरूनच येतों. एवढ्या अवधींत आमचें मत असें बनलें आहे कीं, सायकलस्वाराचें भय व त्याचा संताप हीं दोन्ही बहुतेक एकाच मुळापासून उपजतात. तें मूळ म्हणजे घाई. आणि तिची जुळी बहीण म्हणजे आपला हेतु दुसऱ्यास कळूं न देणें. ह्या दोघींस दूर ठेवण्याची रीत आम्ही चार वकारांत सांगतों : वाहन, वाट, वेळ व वर्तन.

तत्पूर्वीं थोडा इतिहास. आज आपण जी सायकल पाहतों तिचा आकारच मुळीं सुरक्षिततेच्या शोधांतून निघाला आहे. तिच्या आधींच्या सायकलीचें पुढचें चाक पुरुषभर उंच व मागचें अगदीं लहान असे. बसणारा पुढच्या चाकाच्या माथ्यावर बसे, आणि वाटेंत धोंडा आडवा आला कीं डोक्यावर पडे. १८८५ सालीं इंग्लंडांत जॉन केंप स्टार्ली यानें जवळजवळ समान उंचीचीं दोन चाकें, मधोमध बैठक व मागच्या चाकास फिरविणारी साखळी अशी रचना करून ‘रोव्हर’ नांवाची सायकल विकावयास काढली. तिच्या जातीस ‘सेफ्टी बायसिकल’, म्हणजे निर्भय सायकल, असेंच नांव पडलें. पुढें १८८८ सालीं जॉन बॉइड डनलॉप यानें आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठीं केलेल्या हवेच्या धांवेचें पेटंट घेतलें, व हाडें खिळखिळीं करणारी गाडी मऊ चालूं लागली. यंत्र सुधारणाऱ्यांनीं आपलें काम केलें. आतां उरलें तें स्वाराचें व रस्त्याचें.

१. वाहन

आठवड्यांतून एक दिवस, शनिवारीं सायंकाळीं म्हणा, सायकलीस पाव तास द्यावा. प्रथम दोन्ही ब्रेक दाबून पाहावे. ब्रेकची मूठ हँडलास टेकत असेल तर तार ढिली आहे. ब्रेकचीं रबरें झिजून गुळगुळीत झालीं असतील तर तीं त्याच दिवशीं बदलावीं. नंतर चाक उचलून फिरवावें. तें डावीउजवीकडे डुलत असेल, म्हणजे दुकानदार म्हणतात त्याप्रमाणें ‘आऊट’ गेलें असेल, तर कोठली तरी तार सैल पडली किंवा तुटली आहे. हवा अंगठ्यानें दाबून पाहावी. हवा कमी असली कीं सायकल जड चालते, खड्ड्यांत ट्यूब चिमटली जाते, आणि थकलेला मनुष्य चिडखोर होतो. साखळीस तेलाचे थोडेच थेंब द्यावे. तेल रिमवर मात्र पडूं देऊं नये, नाहीं तर ब्रेक लागणार नाहीं.

बैठकीची उंची पुष्कळांची चुकते. पायडल अगदीं खालीं आणून त्यावर टाच ठेवावी. पाय गुडघ्यांत न वांकतां सरळ राहिला तर उंची बरोबर. बैठक फार खालीं असली म्हणजे गुडघे दुखतात. फार वर असली म्हणजे थांबतांना पाय जमिनीस पोंचत नाहीं व तोल जातो.

ब्रेकसंबंधीं एक गैरसमज दूर केला पाहिजे. पुढचा ब्रेक लावला कीं मनुष्य पालथा पडतो म्हणून तो लावूंच नये, असें कित्येक सांगतात. वास्तविक गाडी थांबूं लागली म्हणजे स्वाराचा भार पुढच्या चाकावर जातो, व म्हणून पुढचाच ब्रेक अधिक काम करतो. केवळ मागचा ब्रेक आवळला तर हलकें झालेलें मागचें चाक घसरतें. तेव्हां दोन्ही ब्रेक एकदम व क्रमाक्रमानें दाबावे. झटका देऊं नये. आणि अंग किंचित् मागें ठेवावें. ही संवय रिकाम्या मैदानावर करून घ्यावी, म्हणजे प्रसंगीं हात आपोआप तसे वळतात.

डब्याची पिशवी हँडलास अडकवूं नये. ती झोके खाते व एखादे वेळीं पुढच्या चाकांत शिरते. डबा मागच्या कॅरिअरला पक्का बांधावा. पायजमा घोट्याशीं आवळून घ्यावा. लुगड्याचा पदर व ओढणी खोचून घ्यावी, साखळीवर झांकण व मागच्या चाकास जाळी बसवावी. डोक्यावर शिरस्त्राण असावें. त्याची कडा भुंवईच्या वर दोन बोटांवर यावी व पट्टा हनुवटीखालीं लावलेला असावा. पट्टा न लावलेलें शिरस्त्राण पडतांना डोक्याआधींच निसटतें. आंतला फेंसासारखा थर स्वतः दबून आघात सोसतो. म्हणून एकदां आपटलेलें शिरस्त्राण वरून चांगलें दिसलें तरी टाकून द्यावें.

२. वाट

सर्वांत जवळची वाट ती सर्वांत चांगली, असें नाहीं. पुण्याचेंच उदाहरण घेऊं. हें नगर एके काळीं सायकलींचें शहर म्हणून ओळखलें जाई. तासाच्या भाड्यानें सायकली देणारीं दुकानें येथें गल्लोगल्लीं असत, आणि दिव्यावाचून किंवा दोघांनीं बसून सायकल हांकली तर पोलीस दंड करीत. आतां मोठे रस्ते मोटारींनीं व मोटारसायकलींनीं भरले आहेत. परंतु त्या रस्त्यांच्या पाठीमागें पेठांतील लहान गल्ल्या व वसाहतींचे आंतले रस्ते अजून आहेत, आणि त्यांतून गाड्या सावकाश चालतात. कोथरूडकडून मध्यवस्तींत येणाऱ्यानें सबंध वाट हमरस्त्यानेंच काटली पाहिजे असें नाहीं. अर्धी वाट जरी आंतून निघाली तरी अर्धा ताण गेला. अशा वाटेनें अर्धा किलोमीटर अधिक पडला तर दोन मिनिटें जास्त लागतात, एवढेंच.

नवी वाट कामाच्या दिवशीं प्रथमच धरूं नये. रविवारीं सकाळीं एकदां तिच्यावरून जाऊन यावें. खड्डे कोठें आहेत, उतारावर वाळू कोठें सांचते, गटाराच्या जाळीच्या सळ्या चाकाच्या दिशेनें कोठें आहेत, शाळा सुटतांना गर्दी कोठें होते, हें सर्व पाहून ठेवावें. रेल्वेचे रूळ ओलांडावयाचे असल्यास ते काटकोनांत ओलांडावे; तिरप्या जाणाऱ्या चाकास रूळ पकडून ठेवतो. एखादा चौक फारच अवघड वाटला तर खालीं उतरून सायकल हातीं धरावी व पादचाऱ्यांबरोबर रस्ता ओलांडावा. ह्यांत कमीपणा नाहीं. सायकल ही उतरून चालवितां येते, हा तिचा मोटारीवरील मोठाच वरचढपणा आहे.

पुण्यांतील जंगली महाराज रस्ता व फर्ग्युसन महाविद्यालय रस्ता हे जोडीचे एकदिशा मार्ग आहेत. अशा रस्त्यावर ‘शंभर पावलांचा तर प्रश्न’ म्हणून उलट दिशेनें जाण्याचा मोह होतो. त्याचा हिशेब गणितानें पाहा. आपण तासास १५ किलोमीटर वेगानें जात आहों व मोटार ४० किलोमीटर वेगानें जात आहे. दोघें एकाच दिशेस असलों तर ती आपल्याजवळ तासास २५ किलोमीटर वेगानें येते. समोरासमोर असलों तर ५५ किलोमीटर वेगानें. विचार करण्यास मिळणारा वेळ निम्म्याहूनही कमी झाला! शिवाय गल्लींतून बाहेर पडणारा गाडीवान ज्या बाजूनें वाहनें येतात तिकडेच पाहतो. आपण दुसऱ्या बाजूनें येत असतों. तो आपणांस पाहतच नाहीं.

३. वेळ

समजा, घरापासून कामाचें ठिकाण ६ किलोमीटर आहे. तासास १५ किलोमीटर वेगानें २४ मिनिटें लागतील. २० किलोमीटर वेगानें १८ मिनिटें. म्हणजे जीव तोडून पायडल मारून मिळणार सहा मिनिटें; आणि चौकांतील तांबडा दिवा त्यांतलींही दोनतीन परत घेणार.

आतां ह्या सहा मिनिटांची किंमत काय पडते तें पाहूं. पुढें कांहीं आडवें आलें तर तें दिसून हात ब्रेकवर येईपर्यंत सुमारें एक सेकंद जातो. कोरड्या रस्त्यावर चांगले ब्रेक वेग दर सेकंदास सेकंदीं ३ मीटरनें कमी करतात असें धरलें, तर १५ किलोमीटर वेगाची सायकल एकंदर सुमारें ७ मीटरांत थांबते, व २० किलोमीटर वेगाची जवळजवळ ११ मीटरांत. ओल्या रस्त्यावर ब्रेकची शक्ति निम्मी झाली असें मानलें, तर तेंच अंतर १० व १६ मीटर होतें. वेग एकतृतीयांशानें वाढला, पण अंतर अर्ध्यापटीहून अधिक वाढलें. कारण ब्रेक लागल्यावर जावें लागणारें अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत असतें. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं हें सूत्र पुस्तकांत वाचलेंच असेल. तें रस्त्यावर रोज सिद्ध होत असतें.

म्हणून आमची पहिली व शेवटची शिफारस ही कीं, दहा मिनिटें आधीं निघावें. हातीं दहा मिनिटें असलीं म्हणजे तांबडा दिवा शत्रु वाटत नाहीं. बस थांब्यावर थांबली तर तिच्यामागें थांबतां येतें. पंक्चर झालें तरी सायकल हातीं धरून जवळचें दुकान गांठतां येतें. ज्याच्याजवळ वेळ आहे तो दुसऱ्यास वाट देतो, आणि जो वाट देतो त्याचें भांडण होत नाहीं. शक्य असेल त्यानें गर्दीच्या भरापूर्वीं निघावें. पाव तासाच्या फरकानें तोच रस्ता निराळा भासतो. हीं दहा मिनिटें मिळविण्यास डबा व कपडे आदल्या रात्रीं तयार ठेवणें हाच उपाय आहे, व तो घरांतील सर्वांच्या हातीं आहे.

४. वर्तन

रस्त्यावर आपण बोलत नाहीं. आपली चालच आपली भाषा होय. ती स्पष्ट असली पाहिजे. सरळ रेषेंत जावें. उभ्या गाड्यांच्या मधल्या मोकळ्या जागेंत शिरून पुन्हां बाहेर येणारा स्वार मागच्या गाडीवानास क्षणभर दिसेनासा होतो व मग एकाएकीं उपटतो. उभ्या मोटारींपासून सुमारें एक मीटर दूर राहावें, कारण त्यांचें दार केव्हां उघडेल याचा नेम नाहीं. अगदीं कडेच्या वाळूंतही जाऊं नये. थोडें आंत, दिसेल असें चालावें. वळण्यापूर्वीं मागें पाहावें, हात करावा, मग पुन्हां एकदां पाहून वळावें. समोरचा गाडीवान आपणांस पाहतो कीं नाहीं, हें त्याच्या डोळ्यांकडे पाहून कळतें. डोळे भेटले नाहींत तर त्यानें पाहिलें नाहीं असेंच समजावें.

मोठ्या बसच्या किंवा मालमोटारीच्या डाव्या कुशींत कधींही उभें राहूं नये. उंच बसलेल्या चालकास त्या जागेवरची सायकल दिसत नाहीं. शिवाय लांब गाडी डावीकडे वळतांना तिचीं मागचीं चाकें पुढच्या चाकांच्या मार्गानें न जातां आंतून, कडेजवळून जातात. मध्यें सांपडलेल्यास पळावयास जागा उरत नाहीं. अशी गाडी चौकांत उभी असेल तर तिच्या मागें थांबावें. ह्या एका नियमानें जितकें संकट टळतें तितकें क्वचितच दुसऱ्या कशानें टळेल.

कानांत गाण्याचीं यंत्रें घालून व हातीं भ्रमणध्वनि धरून सायकल चालवूं नये. मागून येणाऱ्या गाडीची वर्दी सायकलस्वारास कानच देतात. तांबडा दिवा सायकलस्वारासही आहे. त्यास चालकाचा परवाना लागत नाहीं, ह्याचा अर्थ त्यास नियम नाहींत असा नव्हे.

आतां मनाविषयीं. मागून भोंगा वाजला कीं पुष्कळांचा तोल जातो. हँडलावरचा नव्हे, मनाचा. भोंगा हा अपमान समजूं नये. एखादा उतावळा गाडीवान ओरडला तर त्यास उत्तर देऊं नये. तो पुढें जाईल व त्याच्याबरोबर त्याचा रागही जाईल, आपण तो ठेवून घेतला तर मात्र तो दिवसभर आपल्याबरोबर राहील. खांदे सैल, कोंपरें किंचित् वांकलेलीं व मूठ हलकी ठेवावी. मूठ आवळली कीं खड्ड्याचा प्रत्येक धक्का डोक्यापर्यंत पोंचतो.

पाऊस व अंधार

आपल्याकडे जून महिन्यांतला पहिला पाऊस फार फसवा असतो. महिनोन्‌महिने रस्त्यावर सांडलेलें तेल व धूळ त्या पाण्यांत मिसळून निसरडा थर होतो. रस्त्यावरचे रंगवलेले पट्टे व गटारांचीं लोखंडी झांकणें हीं तर सदाच निसरडीं. त्यांवर वळूं नये व ब्रेक लावूं नये. रिमवर लागणारे ब्रेक भिजले म्हणजे प्रथम हलकेंच दाबून पाणी पुसून घ्यावें, मग जोर करावा. पाण्यानें भरलेल्या डबक्याची खोली दिसत नाहीं. म्हणून तें टाळावें, पण एकाएकीं वळून नव्हे. छत्री धरून एका हातानें सायकल चालविणें हें धाडस नसून अविचार आहे, रेनकोट घालावा.

अंधारांत पुढें पांढरा व मागें तांबडा दिवा हवाच. पुढचा दिवा आपणांस दिसावें म्हणून, व मागचा आपण दिसावें म्हणून. पायडलांवर चमकणाऱ्या पट्ट्या असल्या तर वरखालीं हालणारा प्रकाश पाहून दुरूनच सायकल ओळखूं येते. कपडे पांढरे किंवा पिंवळे असावे.

नगराचें कर्तव्य

स्वारानें सर्व केलें तरी रस्ता वाईट असला तर त्याचें यश अपुरें राहतें. १९७१ सालीं हॉलंड देशांत सुमारें ३,३०० माणसें रस्त्यांवर मेलीं, व त्यांत ४०० हून अधिक मुलें होतीं. तेव्हां तेथील आईबाप ‘मुलांची हत्या थांबवा’ अशी हांक देऊन रस्त्यावर आले. हळूहळू सायकलींस वेगळे मार्ग मिळाले, वस्त्यांतून मोटारींचा वेग उतरला, व आज तेथील मृतांची संख्या त्या वर्षाच्या चतुर्थांशाहूनही कमी आहे. पुणें महानगरपालिकेनेंही २०१७ सालीं सायकलींसाठीं एक सविस्तर योजना मंजूर केली. कांहीं रस्त्यांच्या कडेस सायकलमार्ग आहेतही. परंतु ते ठिकठिकाणीं तुटतात, व त्यांवर दुकानांचा माल आणि उभीं वाहनें दिसतात. ह्यांत आपलाही भाग आहे. सायकलमार्गावर आपली मोटारसायकल उभी न करणें हें आजच्या आज करतां येतें. खड्डा किंवा तुटलेली जाळी दिसली तर ठिकाण नीट लिहून महानगरपालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयास अर्ज करावा. अपघात झालेला दिसल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. जखमी मनुष्यास मदत करणाऱ्यास त्रास होऊं नये म्हणून २०१९ सालीं मोटार वाहन कायद्यांत संरक्षण घातलें आहे; तेव्हां भीतीनें पुढें जाऊं नये.

विद्यार्थ्यांस सुटींतील काम

(१) घरापासून वडिलांच्या किंवा आईच्या कामाच्या ठिकाणापर्यंतच्या वाटेचा नकाशा काढा. त्यावर अवघड चौक, खड्डे व जाळ्या दाखवा. हमरस्ता टाळणारी दुसरी वाट आहे काय, तें वडील माणसांबरोबर रविवारीं जाऊन पाहा, व दोन्ही वाटांस लागणारा वेळ लिहा.

(२) सायकल तासास १८ किलोमीटर, म्हणजे सेकंदास ५ मीटर वेगानें चालली आहे. विचारास एक सेकंद, व ब्रेकनें दर सेकंदास सेकंदीं ३ मीटर वेग कमी होतो, असें धरून ती किती मीटरांत थांबेल तें काढा. रस्ता ओला असल्यास किती?

(३) दर शनिवारीं घरची सायकल तपासण्याचें काम आपल्याकडे घ्या. ब्रेक, हवा, साखळी, घंटा, दोन दिवे, अशी यादी एका कागदावर लिहून भिंतीस लावा, व जें तपासलें त्यापुढें तारीख घाला. जें आपल्या हातून होणार नाहीं तें न विसरतां वडिलांस सांगा. ज्या घरांत हें काम एखादें मूल मनापासून करतें, तेथील सायकल सोमवारीं सकाळीं सज्ज असते.